गावच्या टोकाकडून आखलेला प्रवास

गणपतीला गावी येणाऱ्या माणसाला मुंबईत सगळे एकच विचारतात, तिकीट मिळालं का? मी गावात राहते, त्यामुळे मला वेगळंच विचारावं लागतं. गाडीतून उतरल्यावर पुढे कसे येणार? आणि त्याच्याही आधी, तुम्ही इथे नक्की कुठल्या दिवशी हवे आहात? हा दुसरा प्रश्न विचारला की घरातली निम्मी माणसं दुखावतात. "म्हणजे काय वहिनी, चतुर्थीलाच ना!" असं म्हणून फोन ठेवतात. चतुर्थीला म्हणजे सुट्टी लागली की त्याच रात्री निघायचं, हे गृहीत असतं. ठाणे, वसई, पनवेल, जिथे म्हणून कोकणातला माणूस आहे तिथल्या घराघरात त्याच वेळी तेच गृहीत धरलेलं असतं. मग फलाटावर सगळ्यांची गाठ पडते.

मी स्वतः बरीच वर्षं डोंबिवलीत काढली. दिव्याला पॅसेंजरच्या खिडकीतून पोरांना आत दिलंय, पिशव्यांवर बसून रत्नागिरी गाठलंय. ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही राजापूर तालुक्यातल्या घरी कायमचे आलो आणि हा प्रवास मला उलट्या बाजूने दिसायला लागला. तिकडे असताना निघायचं कसं एवढंच डोक्यात असायचं. इथे ओटीवर बसून दिसतं ते वेगळं. कोण किती वाजता पोचतोय, कोणाच्या गाडीतून पोचतोय, आणि पोचल्यावर त्याच्या अंगात काही त्राण उरलंय का. रात्रभर उभं राहून आलेला धट्टाकट्टा पुतण्या भर आरतीत खांबाला टेकून झोपलेला मी पाहिलाय. त्याला हाक मारायलाही कोणाला जीव झाला नाही.

तेव्हापासून आमच्या घराचं गणपतीचं नियोजन मुंबईहून होत नाही. ते इथून होतं, आणि मागून पुढे होतं. आधी घराला काय हवंय ते ठरतं, मग माणसं, मग दिवस, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

एवढी गर्दी का होते ते एकदा नीट समजून घेतलं की निम्मी चिडचिड कमी होते. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून एक रेल्वे आणि एक हमरस्ता. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे लागते. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. लांबी साधारण ७४० किलोमीटर. त्यातला रोहा ते वीर हा तुकडा २०२१ साली दुपदरी झाला, त्याच्या पुढे बहुतेक सगळा मार्ग एकेरीच आहे. समोरून गाडी येत असेल तर तुमच्या गाडीने कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभं राहायचं. सणाला ज्या जादा गाड्या सोडतात त्यांनी रोजच्या गाड्यांच्या फटीफटीतून वाट काढायची. रेल्वेने गणपतीच्या विशेष फेऱ्या २०२३ ला ३०५, २०२४ ला ३५८ आणि २०२५ ला ३८० जाहीर केल्या होत्या. आकडा वाढला की आनंद होतो, मलाही होतो. पण रूळ होते तेवढेच आहेत.

त्यात पावसाळी वेळापत्रक. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांच्या वेळा बदलतात, वेग कमी करतात, आणि मुसळधार पावसात पुढचं धड दिसत नसेल तर चालकाने ताशी चाळीसच्या वर जायचं नाही अशी सूचनाच असते. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड आली आणि सुट्टीसाठी सोडलेली विशेष गाडी घसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. आमच्या भागात ज्यांना हे आठवतं ते गाडी दोन तास उशिरा आली म्हणून ओरडत नाहीत.

रस्त्याचं तर विचारूच नका. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली पोरं यंदा दहावीला बसतील. पुढच्या बाजूला बरंच काम झालंय हे खरं, कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेडमधला एके काळचा पोटात ढवळणारा तुकडा काही मिनिटांवर आलाय. पण माणगावच्या बाजारपेठेत दोन्हीकडच्या गाड्या एकदा अडकल्या की बोगद्यात वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट जातो.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, म्हणून चतुर्थी लांबली. १४ सप्टेंबर, सोमवार. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला, बुधवारी होती, तेव्हा लोक थोडे थोडे करून निघाले. सोमवारची चतुर्थी म्हणजे शनिवार-रविवार जोडून आयते मिळाले, आणि शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळे एकदम बॅगा घेऊन बाहेर. ११ सप्टेंबरची रात्र ही यंदाची सगळ्यात वाईट रात्र असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या रात्री ज्याला निघावंच लागेल त्याने निघावं. पण असा कोण, हे आधी ठरवायला हवं.

आमच्या घराला काय हवं असतं ते सांगते. नागपंचमीच्या सुमाराला गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट देऊन येणं हे आमचं काम, त्याला मुंबईचं कोणी लागत नाही. मात्र चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधीपासून घरात दोन धडधाकट माणसं हवीत. गणपतीच्या मागची भिंत रंगवायची असते. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, बांधायची असते, तिच्यासाठी रानात जाऊन कवंडळं, कांगण्या, हरण नावाची रानफुलं, तेरडा आणायचा, नारळ-सुपारीचे घड उतरवायचे आणि शिडीवर चढून सगळं आढ्याखाली टांगायचं. ह्यांचे गुडघे आता शिडीला तयार नसतात. मग मूर्ती आणायची. आमच्याकडे अजून शाळेतून डोक्यावरून आणतात, मधे भातशेतीचे बांध आहेत आणि पाऊस काही विचारून येत नाही. त्याला डोकं देणारा एक आणि छत्री, कंदील, टाळ सांभाळणारे दोघं-तिघं.

चतुर्थीच्या दिवशी भटजी सबंध वाडीत फिरत असतात, आमच्याकडे यायची त्यांची वेळ ठरलेली. पूजेला बसणारा एक. स्वयंपाकाला हात चालणाऱ्या तिघीजणी, कारण एकवीस मोदक देवाचे असले तरी माणसांचे शंभराच्या खाली भागत नाहीत. संध्याकाळी आरतीला घरोघरी फिरायचं, त्याला गळा असलेली माणसं आणि एक ढोलकीवाला. मग गौरीचे दिवस. तिथे बायका जास्त हव्यात, घरात नवी सून असेल आणि त्या वर्षी तिचा ओवसा, म्हणजे गौरीला सुपं वाहायचा विधी, असेल तर ती हवीच हवी, आणि दुसऱ्या दिवशी तिखटा नैवेद्य असतो तेव्हा वडे तळायला एकीने उभं राहायला हवं. विसर्जनाला पुन्हा पुरुष माणसं.

असं लिहून काढलं तेव्हा दिसलं की चतुर्थीच्या सकाळी सगळ्यांनीच घरात असायची घराला गरजच नाही. उलट त्या सकाळी न्हाणीघरासमोर रांग लागते आणि सोवळ्यातली माणसं ओटीवर ताटकळतात. घराला लागतात पाळ्या. चार-पाच माणसं आठवड्याच्या मधेच आलेली, बाकीची चतुर्थीच्या दिवशी सकाळी मुंबईहून निघालेली किंवा गौरीच्या आवाहनापर्यंत पोचणारी. आमचा थोरला पुतण्या एका वर्षी चतुर्थीच्या पहाटे गाडी घेऊन निघाला. माणगावला चहा प्यायला थांबला तर टपरीवाला म्हणाला, आज तुम्ही उलटे कसे? आदल्या दोन दिवसांत ज्या रस्त्यावर लोकांनी रात्री काढल्या त्याच रस्त्याने तो दिवेलागणीच्या आरतीला घरात होता, आंघोळ करून.

कागदावर हे सोपं आहे. घरात बोलायला बसलं की नाही. "मी गणपती बसताना नसलो तर मग येऊ कशाला?" हे धाकट्या भावजींचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. वर्षभर माणूस लोकलमध्ये लोंबकळतो तो त्या एका सकाळसाठी. त्यात कोणाला आधी बोलवायचं आणि कोणाला मागून, यात मानापमान येतोच. मी मोठी सून, मी यादी केली तर ती माझ्या सोयीची वाटते. ह्यांनी केली तर थोरल्याची हुकूमशाही. एका मे महिन्यात सगळे आंबे खायला जमले होते तेव्हा यावरून चांगलीच जुंपली. शेवटी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी ते मिटवलं. त्या म्हणाल्या, "अहो, गणपती दीड दिवसाचा असता तर मीही भांडले असते. आपला गौरीबरोबर जातो. बसताना बघायला मिळाला नाही तर उठताना बघू." आणि पाळी दरवर्षी फिरवायची असं ठरलं. ज्याला यंदा मागून यायचं तो पुढच्या वर्षी आधी. भावजी अजूनही दरवर्षी थोडे कुरकुरतात, पण कुरकुरत का होईना, रिकाम्या गाडीतून येतात.

आता तिकीट. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. म्हणजे ११ सप्टेंबरचं तिकीट १३ जुलैला सकाळी आठ वाजता. हे गणित ज्याने त्याने आपल्या तारखेचं करून भिंतीवर लिहावं. आरक्षण उघडतं त्या दिवशी आधार जोडलेलं खातंच कामाला येतं, आणि आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसलेल्याला आठ वाजून तीन मिनिटांनी वेटिंग दिसतं. तेव्हा खातं, आधार, पैसे भरायची सोय आणि प्रवाशांची नावं आठवडाभर आधी तयार असावीत. एकाने सगळ्यांची तिकिटं काढायच्या भानगडीत पडू नये, दोन वेगळ्या घरांतून दोघांनी बसावं. मिळालेलं तिकीट थोडं पुढच्या स्टेशनापर्यंतचं असलं तरी घ्यावं. कुडाळपर्यंतच्या तिकिटावर राजापूरला उतरता येतं, उलटं करता येत नाही. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही हे लोकांना माहीत असतं, तरी चढतात. मग ज्यांची जागा आहे त्यांनी पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. तात्काळच्या भरवशावर बायकापोरांना राहू देऊ नये, तो एकट्या जिवाचा खेळ आहे.

गाडी निवडताना मी एक गोष्ट सगळ्यांना विचारायला लावते: ही गाडी तीन तास उशिरा आली तर आपण किती वाजता उतरू? सणात गाडी उशिरा येते हे धरूनच चालायचं, मग उशीर कुठे पडतो ते बघायचं. रात्री सुटणारी कोकणकन्या किंवा तुतारी रखडली तर उजाडतं, ते बरंच आहे. दुपारी सुटणारी एखादी विशेष गाडी रखडली तर माणूस मध्यरात्री, धो धो पावसात, बाहेर एकही रिक्षा नसलेल्या स्टेशनात उतरतो. तिकीट सहज मिळालं म्हणून खूश झालेले कितीतरी जण या गाडीतले असतात. सहज मिळालं त्याचं कारण बाकीच्यांना ते माहीत होतं.

स्टेशनपासून घरापर्यंतच्या या शेवटच्या टप्प्याकडे लोक इतकं दुर्लक्ष करतात की मला नवल वाटतं. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत. राजापूर रोड आहे ते राजापूर शहरात नाही, तिथून शहर गाठायला चांगलाच वेळ लागतो, आणि आमचं गाव त्याच्याही पलीकडे समुद्राच्या अंगाला. सावंतवाडीचं तसंच. सिंधुदुर्ग नावाच्या स्टेशनवर उतरून किल्ला शोधणारे पर्यटक डिसेंबरात दर वर्षी भेटतात. ते स्टेशन ओरोसला आणि किल्ला मालवणच्या समुद्रात. आमच्या किनाऱ्याच्या गावांना बऱ्याचदा रत्नागिरीला उतरून पावस, पूर्णगड, जैतापूर असं खालच्या रस्त्याने येणं सोयीचं पडतं. अंतर थोडं जास्त वाटलं तरी रत्नागिरीला गाड्या जास्त थांबतात आणि बाहेर वाहन मिळतं.

वाहन मिळतं म्हणजे एरवी मिळतं. गणपतीत आमच्या पंचक्रोशीतल्या रिक्षा आणि मॅजिक गाड्या किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ते चालक स्वतः गणपती आणणारे, माटवी बांधणारे. आमच्या वाडीतला रिक्षावाला चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळनंतर गाडी काढत नाही. त्याच्याही घरी पाट मांडायचा असतो. हे मुंबईतल्या माणसाच्या लक्षात येत नाही, त्याला वाटतं फोन केला की झालं. म्हणून तिकीट कन्फर्म झालं की त्याच दिवशी मी इथे वाहन सांगून ठेवते. गाडीचं नाव, डबा, माणसं किती, बोजे किती. आणि त्याच गाडीने वाडीतलं आणखी कोण येतंय ते विचारते. एका मॅजिकमध्ये तीन घरांची माणसं आली तर त्याची एकच फेरी होते आणि तोही आरतीला घरी जातो. बोगद्यांमध्ये फोन लागत नाहीत, तेव्हा रत्नागिरी सोडल्यावर एक मेसेज टाकायचा एवढंच येणाऱ्याचं काम. तेवढंही काही जण करत नाहीत.

या सगळ्याला एसटीचं उत्तर फार जुनं आणि फार चांगलं आहे. वाडीच्या मुंबई मंडळाने गट आरक्षण करून अख्खी बस घ्यायची, ती थेट गावात येते. गणपतीला महामंडळ जादा गाड्या हजारोंनी सोडतं. प्रवास लांबतो, अंग आंबतं, पण चढलात तिथून उतरलात ते आपल्या वेशीवर, आणि रात्रभर ओळखीच्या माणसांत. गाण्याच्या भेंड्यांनी डोकं उठतं तो भाग वेगळा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा २०१८ पासून नियम आहे. तो सणाच्या आठवड्यात कुठे जातो कोण जाणे.

गाडीने येणाऱ्यांसाठी माझं मत जरा टोकाचं आहे. मुंबईहून येताना महामार्गावर घड्याळ लावून भांडण्यापेक्षा निघायचा दिवस बदलावा. तो बदलता येत नसेल तर रस्ता बदलावा. पुण्याकडून साताऱ्याला येऊन पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, कोल्हापुराकडून आंबा घाटाने साखरपा, गगनबावड्याहून खाली वैभववाडी, नाहीतर फोंडा घाटाने कणकवली. आमच्या राजापूरला अणुस्कुऱ्याने पाचल-ओणीवर उतरता येतं. किलोमीटर वाढतात, पण वेळेचा अंदाज राहतो. मात्र पावसात घाटात दरडी येतात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी त्या बाजूच्या कोणाला तरी फोन करून विचारायचं. नकाशाला रस्ता निळा दिसतो म्हणून घाट चालू असतो असं नाही. आणि घाट दिवसाउजेडी उतरायचा. रात्रीच्या धुक्यात नवशिक्याने अणुस्कुरा उतरू नये, अनुभवी असल्याची बढाई मारणाऱ्याने तर नाहीच नाही.

ज्यांना वेळ आहे आणि लहान पोरं बरोबर आहेत त्यांनी एकदा खाडीखाडीने यावं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, मग आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवत. दर फेरीला थांबावं लागतं, हवामान बिघडलं तर फेरी बंद राहते, आणि मधले रस्ते काही ठिकाणी केवळ नावाला रस्ते आहेत. एका दिवसात पोचायचा हट्ट असेल तर हे करू नये. पण आमच्या नणंदेची मुलं तसं आली होती, त्यांना गणपतीपेक्षा जेटीचंच जास्त कौतुक. आमच्या सासूबाईंना ते ऐकून त्यांच्या वेळची बोट आठवली. जैतापूरला आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला यायचं. पण ती बोट उन्हाळ्याची. पावसाळ्यात बंदर बंद, त्यामुळे गणपतीला सगळ्यांना यायला मिळायचंच असं नाही. जो येई त्याचं अप्रूप असायचं, असं त्या म्हणतात. असं म्हणून आम्हाला टोमणा मारतात की काय, कळत नाही.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बायका या प्रवासात पाणी पीत नाहीत. संध्याकाळपासूनच नाही, कारण रस्त्यात जायचं कुठे? बारा-चौदा तास असं काढून आलेल्या बाईला सणाच्या दिवसांत लघवीची जळजळ आणि ताप, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय, शेजारी पाहिलंय. त्यामुळे गाडीने येणार असाल तर थांबायची ठिकाणं आधी ठरवा, आणि ती जेवणाच्या चवीवरून नको, स्वच्छतागृहावरून ठरवा. दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, कोणी मागितलं नाही तरी. गाडी चालवणाऱ्याने "आता पुढचं थेट खेडलाच" असं जाहीर करायचं नाही. गट आरक्षणाच्या एसटीतही हे आधी चालकाशी बोलून ठेवता येतं, फक्त बोलणारी एक ठाम बाई हवी.

वयस्कर माणसांना गर्दीत आणूच नये. आमच्या मावससासूबाई श्रावणातच येतात, साध्या दिवसाच्या साध्या गाडीने खिडकीजवळ बसून. महिनाभर राहतात, वाती वळतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात आणि सगळी गर्दी ओसरल्यावर पितृपक्षात परत जातात. त्यांच्या मुलाला सुरुवातीला वाटायचं की आईला असं लांब ठेवलं तर लोक काय म्हणतील. लोकांना कळलंही नाही. येताना औषधं मात्र पूर्ण महिन्याची हवीत. तालुक्याच्या दुकानात ऐन सणात ठराविक कंपनीची गोळी मिळेलच असं नाही, आणि एटीएममध्ये नोटा असतीलच असंही नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. दादरहून भाजी आणू नये. इथे पडवळ, भेंडी, काकडी, अळू परसात आहे, आणि ऋषीच्या भाजीला तर विकतचं चालतच नाही. मिठाईचे मोठे खोके आणू नयेत, दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी बुरसतात. कपडे, सजावटीचं सामान, दिव्यांच्या माळा आठवडाभर आधी एसटीच्या पार्सलने पाठवाव्यात. हातात पाठीवरची एक पिशवी असली की माणूस कुठल्याही डब्यात शिरू शकतो. विजेरी, पॉवर बँक आणि चांगला रेनकोट एवढं मात्र आणायचंच, कारण इथे लाईट जाते आणि परत कधी येईल ते कोणी सांगत नाही.

परतीचं नियोजन जवळजवळ कोणी करत नाही, आणि खरे हाल तेव्हा होतात. येताना माणसं दोन-तीन दिवसांत विभागलेली तरी असतात. गौरी-गणपती विसर्जन झालं की त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी सगळं कोकण एकदम मुंबईकडे तोंड करतं. सावंतवाडी-कुडाळकडून भरून आलेल्या गाडीची दारं पुढच्या स्टेशनांवर आतून उघडतच नाहीत, बाहेर आरक्षण असलेली माणसं डबे बडवत धावतात. तेव्हा परतीच्या तिकिटाचे साठ दिवस वेगळे मोजायचे. शाळा बुडत असेल तर पोरांच्या आईबापांनी विसर्जनाच्या आदल्या दिवशी सरळ निघावं, देव रागावत नाही. ज्याला शक्य आहे त्याने दोन दिवस थांबून मागून जावं. आमच्याकडे जो मागे राहतो त्याच्याकडून मी माटवी उतरवून घेते, भांडी माळ्यावर चढवून घेते, आणि त्याच्या वाट्याला नारळ जरा जास्त घालते. मागे राहायला आता उमेदवार मिळू लागले आहेत. आणखी एक वाट आहे, ती फारसे लोक वापरत नाहीत. सकाळच्या एसटीने कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रात्रीच्या रेल्वेने किंवा बसने मुंबई. फेरा पडतो, पण बसायला मिळतं.

यंदाची यादी आज जवळपास पक्की झाली. मधल्या जाऊबाई आणि त्यांचा मुलगा बुधवारी, ९ तारखेला येतात, तो भिंत रंगवणार. पूजेला बसायची पाळी धाकट्या भावजींची, त्यामुळे ते गुरुवारी रात्री निघतील आणि यंदा कुरकुरायला त्यांना काही उरलेलं नाही. थोरला पुतण्या आणि त्याची बायको चतुर्थीच्या पहाटे आपल्या गाडीने. पोरीबाळी गौरीला, त्यांच्यातली एक नवी नवरी आहे, तिच्या सासरी बोलणं अजून चाललंय. मॅजिकवाल्याला दोन फेऱ्या सांगून ठेवल्यात, तो म्हणाला तिसरी मागू नका. वन्सं काही अजून ठरवत नाहीत. सुट्टीचं बघते, यांचं बघते, मुलाच्या परीक्षेचं बघते, असं चाललंय. त्यांना काल फोनवर सांगितलं, काय बघायचं ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात बघून घ्या. नंतर ठरवलंत तर घरात झोपायला माळ्यावर जागा करीन, गाडीतली जागा काही माझ्या हातात नाही. त्या म्हणाल्या, बघते.